गरवणाऱ्यांच्या ग्रुपचे अ‍ॅडमिन असाल तर: काय काढायचं, काय जपायचं

दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत हौशी गरवणाऱ्यांचे, म्हणजे गळाने मासे पकडणाऱ्यांचे, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप गावोगावी आहेत. भरतीच्या वेळा, दोर गुंडाळायची रील, गऱ्या, तांबोशी मासा कुठे लागतोय याची चौकशी यातच ते रमतात. मग एखादा भलताच मेसेज पडतो आणि सगळे अ‍ॅडमिनकडे बघायला लागतात.

दुसऱ्याने टाकलेल्या मेसेजसाठी अ‍ॅडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये हे सांगितलं: मेसेज टाकणारा आणि अ‍ॅडमिन या दोघांनी आधीच ठरवून, समान हेतूने केलं असेल तरच अ‍ॅडमिनवर जबाबदारी येते. केरळ उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये अ‍ॅडमिनला अशा जबाबदारीतून मोकळं केलं. पण तोच मेसेज तुम्ही पुढच्या ग्रुपवर ढकललात की तो तुमचा झाला. 'मस्त' म्हणून अंगठ्याचा इमोजी टाकलात किंवा विक्रीत मध्यस्थी केलीत, तर तेच तुमच्याविरुद्ध पुढे येऊ शकतं.

आधी सेटिंग बघा. नवीन सभासद अ‍ॅडमिनच्या मंजुरीनेच आत येईल असं ठेवा. अ‍ॅडमिन किमान तीन हवेत, आणि त्यातला एक तरी न गरवणारा असू द्या. नाहीतर रविवारी सगळे अ‍ॅडमिन एकाच खडकावर बसलेले असतात आणि तिथे रेंज नसते.

आक्षेपार्ह मेसेज आला की लगेच डिलीट करू नका, आधी पुरावा घ्या. स्क्रीनशॉटमध्ये मेसेज, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. नंबर सेव्ह असेल तर चॅटमध्ये नुसतं नावच दिसतं, म्हणून त्याची माहिती उघडून नंबरचाही स्क्रीनशॉट काढा. मग मेसेज दाबून धरा आणि सर्वांसाठी डिलीट करा. ही सोय थोडेच दिवस चालते, त्यामुळे आठवड्याने जाग येऊन उपयोग नाही. मेसेज अ‍ॅडमिनने काढला हे सगळ्यांना दिसतं, तेव्हा का काढला ते एका ओळीत लिहा. ज्यांच्या फोनवर ऑटो डाउनलोड चालू आहे त्यांच्या गॅलरीत फोटो राहिलेला असू शकतो; त्यांनाही तो काढायला सांगा.

याला एकच अपवाद, आणि तो पाठच करा: लहान मुलांचं अश्लील चित्रण. त्याचा स्क्रीनशॉट काढायचा नाही, दुसऱ्या अ‍ॅडमिनलाही पाठवायचा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ब असलं साहित्य गोळा करण्यालाही लागू होतं. नंबर आणि वेळ कागदावर लिहून घ्या, मेसेज काढा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा.

आपल्या किनाऱ्यावरचा खास धोका म्हणजे व्हेलची उलटी, म्हणजेच अत्तरांसाठी महाग विकला जाणारा अंबरग्रीस. 'सापडली आहे, गिऱ्हाईक बघा' असा मेसेज आला तर तो गमतीत घेऊ नका. ही उलटी ज्याची असते तो स्पर्म व्हेल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, आणि उलटी विकली तर ३ ते ७ वर्षांची कैद होऊ शकते. किनाऱ्यावर सापडली म्हणून ती आपली होत नाही. ४८ तासांत पोलिसांना किंवा वनखात्याला कळवावं लागतं. वनखात्याची हेल्पलाइन १९२६. टाकणाऱ्याला हे सांगा, आणि तिचा दर विचारणाऱ्यांचे मेसेजही काढा.

दुकानदाराने नकली रील दिली, असं कुणी लिहिलं तर ते लगेच काढायची गरज नाही. बिलाचा फोटो, तारीख, काय बिघडलं, एवढं लिहायला सांगा. 'चोर आहे' हा शब्द मात्र काढून टाका, कारण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीची केस होऊ शकते. सार्वजनिक हितासाठी सांगितलेलं खरं त्या कलमाच्या अपवादात बसतं, पण ते खरं असल्याचं दाखवावं लागतं.

वादळाच्या दिवसांत, 'निसर्ग' किंवा 'तौक्ते'सारखं काही येत असेल तेव्हा, मेसेज फक्त अ‍ॅडमिनच पाठवू शकतील असं करा आणि हवामान खातं व इन्कॉइस (समुद्राची माहिती देणारं सरकारी केंद्र) यांचेच इशारे टाका. खोट्या इशाऱ्याने घबराट झाली तर आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५४ खाली एक वर्षापर्यंत कैद आहे. गावात तणाव असेल किंवा प्रशासनाचा मनाई आदेश निघाला असेल, तेव्हाही हेच करा. असे आदेश कधीकधी थेट अ‍ॅडमिनला उद्देशून असतात, म्हणून मूळ आदेश वाचा.

पोलिसांची नोटीस आली तर आधी त्यावर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी कारवाईच्या पद्धतीचा कायदा) कोणतं कलम आहे ते बघा. १७९ असेल तर साक्षीदार म्हणून बोलावलंय, ९४ असेल तर कागद किंवा डेटा मागितलाय. ३५(३) असेल तर संशय तुमच्यावर आहे. वकिलाशी बोलूनच जा, पण जा. घाबरून चॅट पुसणं किंवा फोन रीसेट करणं हा वेगळाच गुन्हा होऊ शकतो. चॅट एक्सपोर्ट करून ठेवा आणि मूळ फोन तसाच जपा, कारण कोर्टात छापील प्रत चालायची असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याचा कायदा) कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात ती कुठल्या फोनमधून काढली हे लिहावं लागतं.