काळ्या मातीच्या अंगणात नकली लॉन टाकायचंय? आधी पाण्याला वाट काढा

आमचं घर अकोल्याला, त्यामुळे अंगणात माती कुठली ते वेगळं सांगायला नको. काळी, पावसाळ्यात चपलेला किलोभर चिकटून येणारी आणि मे महिन्यात अख्खा पंजा आत जाईल एवढ्या भेगा पडणारी. मागच्या १५ बाय २० फुटांच्या जागेत आर्टिफिशियल ग्रास टाकायचं ठरलं तेव्हा ठेकेदार म्हणाला, "भाऊ, मुरूम टाकतो, दाबतो, वर गवत, दोन दिवसांत काम खलास." झालंही दोन दिवसांत. जुलैत पाय ठेवला की पचक पचक आवाज, कोपरा उचलून पाहिला तर खाली काळा राडा, नालीसारखा वास आणि संध्याकाळी डास. सगळं उखडून परत केलं, त्यातून जे कळलं ते लिहितोय.

मूळ भानगड अशी की काळी माती भिजली की फुगते आणि मग पाण्याला खाली जायला वाटच उरत नाही. म्हणजे नुसतं खणून गिट्टी (पुण्याकडे हिला खडी म्हणतात) भरली तर आपण जमिनीत हौद बांधला, गिट्टी भरलेला हौद. दुकानदार गवताच्या मागची भोकं दाखवून सांगतो ड्रेनेज आहे म्हणून, अहो पण भोकातून खाली गेलेलं पाणी पुढं जाणार कुठं? ३०० स्क्वेअर फुटांवर एक इंच पाऊस पडला की साधारण ७०० लिटर पाणी होतं, ते सगळं आडवं चालवत अंगणाबाहेर न्यायचंय. खात्री नसेल तर एक फुटाचा खड्डा करून पाण्याने भरा, जिरलं की परत भरा आणि झोपायला जा. सकाळी पाणी दिसलं तर ते बाहेर नेणाऱ्या पाइपाशिवाय पर्याय नाही.

काम दिवाळीनंतर काढा. मेमध्ये पहार दगडावर मारल्यासारखी वाजते, आणि भेगाळलेल्या कोरड्या मातीवर थर टाकले की पावसात ती कुठं जास्त कुठं कमी फुगून वर टेंगळं आणते. पावसाळ्यात तर नावच नको. नोव्हेंबर-डिसेंबरात माती थोडी ओलसर असते, टिकाव नीट बसतो.

खणायच्या आधी पाणी बाहेर कुठं सोडायचं ते ठरवा. मिस्त्रीकडची लेव्हलची पारदर्शक नळी घेऊन अंगणाचा सगळ्यात खालचा कोपरा शोधा, आणि बाहेरची नाली आपल्या पाइपापेक्षा खाली आहे ना ते मोजा, नसेल तर पाणी उलटं घरात येईल. संडासच्या चेंबरला जोडू नका, शेजाऱ्याच्या भिंतीकडे सोडू नका. शोषखड्डा चालतो, पण तो काळी माती संपून खाली मुरूम लागेपर्यंत खोल हवा, नाहीतर तो दुसरा हौद. गच्चीचा पाइप अंगणात सुटत असेल तर तोही आत्ताच वेगळा करून घ्या.

आता ८ इंच खणायचं, म्हणजे दोन ब्रास माती (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), आणि खणल्यावर ती आणखी फुगते, तर ट्रॉली आधी सांगून ठेवा. ढाळ घरापासून बाहेरच्या बाजूला, दर १० फुटांना दीड इंच. आणि हा ढाळ खालच्या मातीलाच द्यायचा, इथंच बहुतेक जण चुकतात, तळ सपाट ठेवतात आणि वरच्या बारीक गिट्टीत ढाळ काढतात. पाणी वाहणार आहे मातीच्या पाठीवरून, वरचा ढाळ त्याला काय कामाचा?

खालच्या कडेला एक फूट रुंद, एक फूट खोल चर खणा, त्यालाही बाहेरच्या तोंडाकडे १० फुटांना सव्वा इंच उतार. चरासकट सगळ्या तळावर जिओटेक्स्टाइल अंथरा, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, न विणलेलं, फेल्टसारखं दिसणारं, २०० जीएसएमच्या (चौरस मीटरला २०० ग्रॅम) आसपासचं, जोडाला फूटभर एकावर एक. पैसे वाचवायला ताडपत्री टाकू नका, आणि कापड वगळूही नका, नाहीतर दोन-तीन पावसाळ्यांत माती गिट्टीत वर चढते. चरात दोन इंच गिट्टी, त्यावर ४ इंची भोकाचा पाइप, भोकं खाली. वर नाही, खाली! मग परत गिट्टी. पाइपाच्या वरच्या टोकाला एल्बो लावून, पुढे साफ करता यावा म्हणून, झाकणाची तोटी जमिनीवर आणा, बाहेरच्या तोंडाला जाळी लावा, उंदीर शिरतात.

मग २० एमएमची गिट्टी, ५ इंच, दोन थरांत, प्रत्येक थर भाड्याच्या प्लेट कॉम्पॅक्टरने दाबून. सव्वा ब्रास लागते, चराची वेगळी. क्रशरवाल्याला बजावून सांगा, चुरी, म्हणजे दगडाचा भुगा, नको. चुरी आणि मातीचा मुरूम दाबल्यावर असा घट्ट बसतो की पाणी वरच थांबतं, आमचं पहिलं काम त्यानेच गेलं. त्यावर २ इंच ६ एमएमची बारीक गिट्टी, अर्धा ब्रास. कडेला विटांचा बांध घातला तर खालच्या बाजूला मध्ये मध्ये फटी ठेवा.

गवत अंथरायच्या आधी वरच्या बाजूला वीस बादल्या पाणी ओता आणि पाइपाच्या तोंडाशी जाऊन बसा. आमच्याकडे थोड्या वेळाने आधी गढूळ पाणी आलं, मग स्वच्छ धार लागली, मिस्त्री तिथंच उकिडवा बसून तंबाखू मळत बघत होता. धार आली नाही तर रोल उघडूच नका.

गवताचं काम त्या मानाने सोपं. रोल दोनेक तास उन्हात पसरून ठेवा, सगळ्यांची पाती एकाच दिशेला, घराकडे झुकलेली. कटर गवताच्या मागच्या बाजूने चालवा, जोडाला जॉइंट टेप आणि गोंद. नुसत्या गिट्टीत खिळा धरत नाही, म्हणून कडेने आतून डब्ल्यूपीसीची (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेली) पट्टी बसवून तिच्यात ठोका. वर कोरडी सिलिका सँड पसरून खराट्याने आत झाडा, चौरस मीटरला ५ किलोच्या आसपास, कंपनीने वेगळं सांगितलं असेल तर तसं. नदीची मातीमिश्रित वाळू अजिबात नको. आणि आमच्या उन्हाळ्यात दुपारी यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही हे घेण्याआधीच समजून घ्या.

दरवर्षी मृगाच्या आधी तोटीचं झाकण काढून पाइपात जोरात पाणी सोडा आणि बाहेरची जाळी साफ करा. मागच्या वर्षी आमच्या जाळीत कडुलिंबाच्या पाल्याचा हा एवढा गोळा निघाला.