ऑर्फियस आणि युरिडिसी यांची चित्रे-शिल्पे कशी पाहावीत

ग्रीक पुराणकथेत सर्पदंशाने मेलेल्या आपल्या पत्नीला, युरिडिसीला, परत आणण्यासाठी गायक ऑर्फियस पाताळात उतरतो. त्याच्या गाण्याने हेलावलेले पाताळाचे राजाराणी तिला सोडतात, पण वर पोहोचेपर्यंत मागे वळून पाहायचे नाही, या अटीवर. तो पाहतो आणि ती कायमची जाते. कलाकृतीसमोर उभे राहण्यापूर्वी हा क्रम मनात पक्का असावा, कारण यातला नेमका कोणता क्षण कलावंताने निवडला आहे, हे ओळखणे हेच पाहणाऱ्याचे पहिले काम असते.

पात्रे ओळखणे अवघड नाही. हातात लायर हे तंतुवाद्य असलेला तो ऑर्फियस. प्रवाशाची रुंद काठाची टोपी घातलेला किंवा ती पाठीवर सोडलेला तो मृतांचा वाटाड्या हर्मिस. मात्र खालच्या फलकावरील मजकूर शेवटी वाचावा, असे मी आग्रहाने सांगेन.

त्यानंतर चेहऱ्यांआधी हात पाहावेत. याचा सर्वोत्तम धडा नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयातील संगमरवरी उठावशिल्पात मिळतो. इ. स. पू. पाचव्या शतकाच्या अखेरीस घडवलेल्या, आज हरवलेल्या ग्रीक शिल्पाची ती रोमन प्रतिकृती आहे. युरिडिसी मध्ये उभी आहे. तिचा डावा हात ऑर्फियसच्या खांद्यावर आहे आणि उजवा हात हर्मिसने अलगद, कोणतीही ओढाताण न करता धरला आहे. आक्रोश कुठेच नाही. पण एक हात ज्याला सोडवत नाही आणि दुसरा ज्याच्या हाती गेला आहे, त्या दोघांमध्ये तिची मूर्ती थांबलेली पाहिली की निरोपाचा क्षण आपोआप उलगडतो. इथे घाई करू नये. तिन्ही माना कुठे झुकल्या आहेत तेही सावकाश पाहावे. नेपल्सच्या प्रतीवर पात्रांची नावे ग्रीक लिपीत कोरलेली आहेत, तर पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील त्याच शिल्पाच्या दुसऱ्या प्रतीवर झेथस, अँटिओपी आणि अँफियन अशी दुसऱ्याच कथेतली नावे लॅटिनमध्ये आढळतात. फलक शेवटी वाचण्याचा आग्रह याचसाठी.

हातांनंतर नजर शोधावी. फ्रेंच चित्रकार कोरोच्या 1861 च्या चित्रात ऑर्फियस लायर पुढे उंच धरून, युरिडिसीचा हात घट्ट पकडून धुक्याच्या रानातून चालला आहे. त्याने अजून मागे पाहिलेले नाही, आणि शेवट ठाऊक असलेल्या आपल्याला तेच असह्य होते. फ्रेंच शिल्पकार रोदँच्या 1893 च्या संगमरवरी शिल्पात ऑर्फियसने हाताने डोळेच झाकून घेतले आहेत.

शेवटी पार्श्वभूमीकडे वळावे. फ्रेंच चित्रकार पुसँच्या, सुमारे 1650 मधील, लूव्रमधल्या विस्तीर्ण निसर्गचित्रात ऑर्फियस वाजवण्यात रंगला आहे आणि काही पावलांवर युरिडिसी सापाला पाहून दचकली आहे, हे त्याला कळलेलेही नाही. मागे किल्ल्यातून निघणारा धूर आधी पाहावा आणि मग पुन्हा तिच्याकडे यावे. ते शांत आकाश तेव्हा पूर्वीसारखे शांत वाटत नाही.