मानसिक आजार आणि नोकरी: नाशिकमधल्या घरच्यांनी काय करायचं

"आधी पूर्ण बरा होऊ दे, मग बघू नोकरीचं." सिडको म्हणा, पंचवटी म्हणा, ज्या घरात स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आहे तिथे हे ऐकायला मिळतंच आणि त्यात वर्षं निघून जातात. माझं म्हणणं, त्याला किंवा तिला काम करायचंय ना, मग थांबू नका. बाहेरच्या देशांत आयपीएस (इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट) म्हणून एक पद्धत आहे, त्यात इच्छा असली की लगेच खऱ्या नोकरीत घालतात आणि आधार मात्र नोकरी लागल्यावरही चालू ठेवतात, आणि आधी ट्रेनिंग मग नोकरी या जुन्या रितीपेक्षा यात जास्त लोक कामाला लागतात हे बऱ्याच देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. आपल्याकडे अशी टीम सहसा मिळत नाही, म्हणून तो आधार घरच्यांनाच द्यावा लागतो.

काम शोधताना पगाराच्या आधी शिफ्ट विचारा. सातपूर, अंबडला बऱ्याच ठिकाणी दर आठवड्याला शिफ्ट बदलते आणि बायपोलरवाल्याची झोप मोडली की तेवढ्यानेही मॅनिया (अती उत्साहाचा, झोप उडवणारा टप्पा) उसळू शकतो, त्यामुळे हजार-दोन हजार कमी मिळाले तरी चालतील पण कायम फर्स्ट किंवा जनरल शिफ्ट घ्या. दुसरी गोष्ट गोळीची वेळ. झोप आणणारी गोळी रात्री अकराला घेतली आणि सातची शिफ्ट असली तर सकाळी डोळे उघडत नाहीत, मग लेटमार्क, मग सुपरवायझरची बोलणी, आणि घरचे म्हणतात आळशी झालाय. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना शिफ्टची वेळ सांगा आणि डोस लवकर घेता येईल का विचारा, बऱ्याचदा एवढ्यानेच सकाळ सुधारते. लिथियम (बायपोलरमध्ये देतात ती गोळी) चालू असेल तर भट्टी, फोर्जिंग असलं घामाचं काम नकोच, अंगातलं पाणी कमी झालं की लिथियमचं प्रमाण रक्तात वाढतं आणि ते धोक्याचं असतं.

आता सगळ्यात अवघड, आजाराचं सांगायचं का. प्रायव्हेट नोकरीत इंटरव्ह्यूलाच आजाराचं नाव घ्यायची गरज नाही असं मला वाटतं, आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे डॉक्टरांनाही उपचारांची माहिती गुप्त ठेवावी लागते. पण रुजू झाल्यावर एका माणसाला, शक्यतो सुपरवायझरला, कामापुरतं सांगावं. म्हणजे असं: "सर, माझी ट्रीटमेंट चालू आहे, महिन्यातून एक दिवस दवाखान्यात जावं लागतं, आणि काम एका वेळी एकच सांगितलं तर मी नीट करतो." बास. हे घरी दोन-तीनदा बोलून बघा, कारण ऐनवेळी माणूस एकतर गप्प बसतो नाहीतर सगळा इतिहास सांगून मोकळा होतो. आणि घरच्यांनी परस्पर एचआरला फोन करू नका, प्लीज, त्याची नोकरी आहे, त्याला विचारूनच काय ते करा.

कागदपत्रांचं पण बघा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार येतो, प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा जास्त आलं तर सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणात जागा असते (त्यातला १ टक्का मानसिक आजार, ऑटिझम वगैरे मिळून आहे). प्रमाणपत्राचा अर्ज स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर करायचा, तपासणी सरकारी दवाखान्यात होते, जुन्या सगळ्या फायली सोबत न्या. आणि आधीच सरकारी नोकरीत असताना आजार झाला असेल तर त्या कारणाने काढता येत नाही, दुसऱ्या पदावर घ्यावं लागतं, म्हणून कोणी दबाव टाकला तरी घाईत राजीनामा लिहून देऊ नका.

कंपनीत असाल तर ठेकेदाराकडून पगाराची स्लिप मागा आणि ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा) कापतात का बघा. कापत असतील तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो, आणि सायकोसिस हा लांबलेल्या आजारांच्या यादीत आहे, त्यात अटी बसल्या तर ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. हे कितीतरी जणांना माहीतच नसतं आणि आजार उलटला की सरळ नोकरी सोडून देतात.

कारण आजार उलटू शकतो, त्याची तयारी बरं असतानाच करून ठेवा. झोप कमी होणं, डबा तसाच परत येणं, कामावरचे माझ्याबद्दलच बोलतात असं वाटणं, ज्याची त्याची लक्षणं ठरलेली असतात, ती त्यालाच लिहायला सांगा, शेजारी डॉक्टरांचा नंबर आणि सुट्टी कोण कळवणार ते. रात्री-अपरात्री काही सुचलं नाही तर टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास चालू असतं आणि मराठीत बोलता येतं. परत कामावर जाताना फिटनेस सर्टिफिकेट घेऊन एक दिवस आधीच सुपरवायझरला भेटून या, आणि पहिले दोन आठवडे ओव्हरटाइम नको हे तेव्हाच सांगून टाका.