डिटेक्टर बीप करतोय, पण मोजतोय काय? कॉस्मिक किरण पकडताना या चुका टाळा

प्लास्टिक सिंटिलेटरचे (कण आरपार गेला की किंचित चमकणारं प्लास्टिक) दोन तुकडे, त्याला चिकटवलेले सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर (ती चमक टिपणारे सेन्सर), एक आर्डुइनो (छोटा प्रोग्रॅमेबल बोर्ड), की झाला कॉस्मिक रे डिटेक्टर तयार. आणि चालू केल्या केल्या आकडे असे धडाधड पळायला लागतात की माणूस लगेच व्हिडिओच काढतो. जरा थांबा. समुद्रसपाटीला आडव्या ठेवलेल्या डिटेक्टरमधून दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण १ म्युऑन (अंतराळातून येणारे कॉस्मिक किरण हवेवर आदळले की तयार होणारा कण) जातो, हा आकडा पाठच करून टाका. तुमचा तुकडा ५ बाय ५ सेंटिमीटरचा असेल तर मिनिटाला २५ च्या आसपास यायला हवेत, आणि तो जर सेकंदाला २० दाखवत असेल तर बाकीचा सगळा सेन्सरचा नॉइज, भिंतीतून-जमिनीतून येणारे गॅमा किरण आणि कुठल्यातरी फटीतून घुसणारा उजेड.

म्हणून तर दोन तुकडे एकावर एक ठेवायचे आणि दोन्हीकडे एकदम पल्स (विजेचा क्षणिक सिग्नल) आली तरच मोजायची, म्हणजे कोइन्सिडन्स. पण एकदम म्हणजे किती वेळात, हे कोणी बघतच नाही, कोड लिहायला सोपं म्हणून १ मिलिसेकंदाची विंडो ठेवून मोकळे होतात. आता हिशोब करा, निव्वळ योगायोगाने जुळणाऱ्या पल्स म्हणजे २ गुणिले विंडो गुणिले दोन्ही तुकड्यांचे रेट, म्हणजे २ × ०.००१ × २० × २० = ०.८ सेकंदाला, मिनिटाला ४८! खरे म्युऑन जास्तीत जास्त २५, म्हणजे अर्ध्याहून जास्त कचराच मोजला. तीच विंडो १ मायक्रोसेकंद केली की हा कचरा तासाला जेमतेम ३ वर येतो. त्यामुळे हे काम कोडवर सोडू नका, कम्पॅरेटर (ठरावीक पातळीवरचीच पल्स पुढे सोडणारा) आणि अँड गेट (दोन्हीकडून एकदम सिग्नल आला तरच होकार देणारं सर्किट) लावून हार्डवेअरमध्येच करा. भौतिकशास्त्रज्ञ ब्रुनो रॉसीने १९३० साली व्हॅक्यूम ट्यूब वापरून हेच केलेलं.

उजेडाचं म्हणाल तर नुसती काळी टेप गुंडाळून भागत नाही, आधी आत चकचकीत फॉइल, मग बाहेरून काळी टेप, आणि वायर जिथून बाहेर येते तो कोपरा हमखास गळतो. अंधार करून त्या कोपऱ्यावर टॉर्च मारा, रेट हलला की समजा फट आहे. दुपारी काउंट जास्त आणि रात्री कमी येत असतील तर लगेच सूर्याशी संबंध जोडू नका, या सेन्सरचा नॉइज तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो, आधी थर्मामीटर बघा. (सूर्याचं तर कॉस्मिक किरणांचा शोध लावणाऱ्या व्हिक्टर हेसने १९१२ मध्येच तपासलं होतं, ग्रहण चालू असताना बलूनमधून वर जाऊन, आणि आयनीकरण, म्हणजे किरणांमुळे हवेत विद्युतभार तयार होणं, काही कमी झालं नाही.)

मी स्वतः कुठल्याही डिटेक्टरवर विश्वास ठेवायच्या आधी दोन टेस्ट मागतो. एक म्हणजे दोन्ही तुकड्यांमध्ये अंतर ठेवून अख्खा सेट ६० अंशांत कलवा, रेट साधारण पावपट व्हायला पाहिजे कारण म्युऑन बहुतेक वरूनच येतात. दुसरी, मध्ये शिशाचा सेंटिमीटरभर जाड पत्रा सरकवा. म्युऑनची सरासरी एनर्जी ४ जीईव्हीच्या (जीईव्ही म्हणजे अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट, कणांची एनर्जी मोजायचं एकक) आसपास असते, त्याला एवढ्या शिशाचं काही वाटत नाही, रेट जवळपास तसाच राहील, आणि जर निम्मा झाला तर तुम्ही इतके दिवस गॅमा मोजत होतात.

क्लाउड चेंबरवाल्यांचं (अल्कोहोलच्या थंड वाफेत कणांचे ट्रॅक दाखवणारी पेटी) वेगळंच. ड्राय आइस उणे ७८ अंशाचा, आयसोप्रोपिल अल्कोहोल मात्र ७० टक्केवालं, मग दिसत काहीच नाही. ९९ टक्केवालंच घ्या, झाकणाची कड हवाबंद करा, आणि टॉर्च वरून न मारता बाजूने, अगदी तळालगत मारा, ट्रॅक तिथल्याच पातळ थरात उमटतात. आणि तो जाड, आखूड, ठसठशीत ट्रॅक ज्याचा फोटो सगळे टाकतात ना, तो बहुतेक वेळा हवेतल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूचा अल्फा कण असतो. म्युऑनचा ट्रॅक बारीक, सरळ आणि लांब असतो, फोटोत तसा फारसा उठून दिसत नाही.

काउंट कमी-जास्त झाले की "सौर वादळ पकडलं" म्हणणारे पण आहेत. १०० काउंटमध्ये १० इकडेतिकडे होणारच, १ टक्क्याचा फरक बघायचा तर १०,००० काउंट हवेत, मिनिटाला १० च्या रेटने ते जवळपास १७ तास. त्यात हवेचा दाब १० हेक्टोपास्कलने पडला तरी म्युऑन १ ते २ टक्के वाढतात, तेव्हा दाबाची नोंद ठेवल्याशिवाय असल्या ग्राफला अर्थ नाही. शिवाय वादळ आलं की बहुतेक वेळा काउंट घटतात, वाढत नाहीत, कारण सूर्याकडून आलेला चुंबकीय ढग बाहेरून येणाऱ्या कणांना अडवतो.

आता उगमाबद्दल. डिटेक्टर ज्या दिशेला वळवला तिकडचा तारा शोधून "इथून आला" असं लिहू नका. ताऱ्यांमधल्या ३ मायक्रोगाउसच्या चुंबकीय क्षेत्रात १ पीईव्हीचा (म्हणजे १० लाख जीईव्हीचा) प्रोटॉन सव्वा प्रकाशवर्ष त्रिज्येचा फेरा मारतो आणि आपली आकाशगंगा पडली १ लाख प्रकाशवर्षांची, मूळ दिशा कधीच पुसली जाते. सुपरनोव्हाच्या, म्हणजे मरणाऱ्या ताऱ्याच्या, स्फोटात कण एका झटक्यात फेकले जातात हाही गैरसमजच. स्थिर चुंबकीय क्षेत्र कणाला फक्त वळवतं, एनर्जी देत नाही, एनर्जी मिळते ती पळत्या प्लाझ्माकडून (विद्युतभारित वायू). भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मीने १९४९ मध्ये ही कल्पना मांडली आणि १९७७-७८ मध्ये ती शॉकवेव्हला (स्फोटातून पुढे धावणारा धक्का) लावली गेली. कण शॉकच्या अलीकडे-पलीकडे जात राहतो, दर फेरीला समजा १ टक्का मिळाला तर १ जीईव्हीवरून १ पीईव्हीपर्यंत पोचायला १४०० च्या आसपास फेऱ्या लागतात, आणि या सगळ्याला शेकडो वर्षं जातात. सुपरनोव्हाच्या अवशेषांत प्रोटॉन खरंच वेगवान होतात याचा भक्कम पुरावा फर्मी या अंतराळ दुर्बिणीने २०१३ मध्ये आयसी ४४३ आणि डब्ल्यू ४४ या दोन अवशेषांमध्ये दिला, तोही गॅमा किरणांवरून, कारण विद्युतभार नसल्याने ते वळत नाहीत.

आणि एका म्युऑनवरून मूळ कणाची एनर्जी काढायच्या भानगडीत तर पडूच नका. त्यासाठी जमिनीवर पसरलेला अख्खा शॉवर (एका मूळ कणातून हवेत तयार झालेल्या कणांचा सडा) पकडावा लागतो, अर्जेंटिनातल्या पिएर ओझे वेधशाळेने त्यासाठी ३००० चौरस किलोमीटरवर १६०० हून जास्त पाण्याच्या टाक्या मांडल्यात.