इंजिन बांधताना हेड गॅस्केट कसे निवडावे
इंजिन खोलले की गाडीमालकाला घाई होते आणि पहिल्याच दिवशी सामानाची यादी घेऊन कोणीतरी अकोल्याची एसटी पकडतो. फिल्टर, ऑइल सील असे किरकोळ सामान त्या फेरीत आणायला हरकत नाही. हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडरांचा ब्लॉक आणि त्यावरचे झाकण असलेले हेड यांच्यामध्ये दाबून बसणारा, गळती थांबवणारा थर, मात्र लेथचे सगळे काम उरकल्याशिवाय आणू नये. सिलिंडरचे बोअर (आतला व्यास) किती वाढले, हेड किती घासले आणि डिझेल इंजिन असल्यास पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो, हे कळल्याशिवाय कोणते गॅस्केट लागेल हे दुकानदारही सांगू शकत नाही. तोपर्यंत ब्लॉकवरचा इंजिन नंबर तेवढा उतरवून ठेवावा, कारण एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळी इंजिने बसवलेली असतात.

पहिले काम हेड तपासण्याचे. आपल्याकडे पूर्णा नदीच्या खारपाण (खाऱ्या पाण्याच्या) पट्ट्यात, म्हणजे अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांच्या त्या भागात, ज्या गाडीने वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये बोअरवेलचे पाणी घेतले आहे, तिचे अॅल्युमिनियमचे हेड उलटे करून पाहावे. पाण्याच्या छिद्रांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या झालेल्या असतात आणि खड्ड्यांत पांढरी भुकटी बसलेली असते. हे खड्डे गॅस्केटची धातूची कडी जिथे दाबली जाते तिथपर्यंत पोचले असतील, तर बाजारातले कोणतेही गॅस्केट ती गळती थांबवणार नाही. आधी वेल्डिंग करून भरणे, मग फेसिंग (मशीनवर घासून सपाट करणे), किंवा सरळ दुसरे हेड, एवढेच मार्ग उरतात. हेड सरळ आहे का हे पाहण्यासाठी त्यावर स्टीलची सरळ पट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खाली फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचे माप) सरकवावे. मर्यादा इंजिनाच्या पुस्तकात दिलेली असते, ०.०५ मिलीमीटरची पाती सहज आत जात असेल, तर पुस्तक उघडण्याची वेळ आली असे समजावे. हीच तपासणी ब्लॉकचीही करावी. आपले मिस्त्री हेड नेमाने घासून आणतात. ब्लॉककडे मात्र कोणी पाहत नाही.

आता प्रकार. बाजारात मुख्यतः दोन मिळतात: पोलादी गाभ्यावर ग्राफाइट किंवा तत्सम मऊ थर दाबलेले, आणि स्प्रिंग स्टीलचे तीन ते पाच पत्रे एकावर एक ठेवलेले, ज्याला एमएलएस म्हणतात. अॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरते, त्यामुळे बिडाच्या ब्लॉकवर अॅल्युमिनियमचे हेड असले की प्रत्येक वेळी इंजिन तापताना आणि थंड होताना मधले गॅस्केट घासले जाते. ही ओढाताण एमएलएस जास्त चांगली सोसते, पण त्याला अगदी गुळगुळीत पृष्ठभाग लागतो, कारण त्यावरचा रबराचा लेप कागदापेक्षाही पातळ असतो. फेसिंग झालेल्या हेडवरून नख फिरवावे. कटरच्या रेषांत नख अडकले, तर त्या पृष्ठभागावर एमएलएस घालू नये. ग्राफाइटचे गॅस्केट थोडा खरबरीतपणा भरून काढते. तरीही ज्या इंजिनाला कंपनीने एमएलएस दिले आहे, त्याला स्वस्तातले मऊ गॅस्केट घालण्यापेक्षा हेड चांगल्या मशीनवर पुन्हा फेस करून आणावे, असे माझे मत आहे. पॉलिश पेपर हाताने घासून फेस केल्याचा आव मात्र कोणी आणू नये; त्याने खोलगटपणा येतो आणि त्याची भुकटी बेअरिंगमध्ये जाते.

जाडीचा प्रश्न डिझेलमध्ये सर्वांत नाजूक असतो. पिस्टन पूर्ण वर आणून डायल गेजने तो ब्लॉकच्या किती वर आला हे मोजावे, तेही पिस्टन पिनच्या रेषेवर, म्हणजे पिस्टन डुलल्याने माप चुकत नाही. चारही पिस्टन मोजून त्यांतल्या सर्वांत मोठ्या मापाप्रमाणे पुस्तकातली जाडी निवडावी. बऱ्याच डिझेल गॅस्केटच्या कडेवर खाचा किंवा छिद्रे असतात आणि त्यांच्या संख्येवरून जाडी ओळखतात. पिस्टन किंवा कनेक्टिंग रॉड बदलले, अथवा ब्लॉक घासला, की जुन्या गॅस्केटच्या खाचा मोजून तसेच आणणे धोक्याचे असते. पेट्रोल इंजिनात ज्वलनाची पोकळी हेडमध्ये असल्यामुळे हेड घासले की कॉम्प्रेशन वाढते, म्हणून कंपनी देत असेल तर दुरुस्तीसाठीचे जाड गॅस्केट घ्यावे. सपाट हेडच्या डिझेलमध्ये हेड घासल्याने पिस्टन आणि हेड यांतले अंतर बदलत नाही, पण व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. तिथे व्हॉल्व्हची सीट खोल करावी लागते.

बोअरच्या मापात मी स्वतः फसलो आहे. एका जीपचे बोअर १ मिलीमीटर वाढवले होते आणि गॅस्केट घरात आधीच आणून ठेवलेले होते. हेड चढवण्याआधी सहज गॅस्केट ब्लॉकवर ठेवून बॅटरीच्या उजेडात पाहिले, तर दुसऱ्या सिलिंडरमध्ये गॅस्केटच्या कडीची केसाएवढी चंद्रकोर आत डोकावत होती. तशी कडी ज्वाळेत लाल होते, पेट्रोल इंजिनात अवेळी जाळ धरते आणि शेवटी जळून फुटते. गॅस्केट परत केले, चार दिवस गेले.

दुकानात गॅस्केट जुन्याशी जुळवून पाहावे. पाण्याची काही छिद्रे मुद्दाम लहान ठेवलेली असतात, म्हणजे पाणी मागच्या सिलिंडरपर्यंत पोचते. ब्लॉकचे छिद्र मोठे दिसले म्हणून पंच मारून ती वाढवू नयेत. मोटारसायकलवर वाकवून आणलेले गॅस्केट घेऊ नये. ज्या इंजिनाचे हेड बोल्ट अंशात फिरवून कसायचे असतात, त्याचे नवे बोल्ट गॅस्केटबरोबरच घ्यावेत, कारण जुने ताणले गेलेले असतात.

बसवताना ब्लॉकमधली बोल्टची छिद्रे हवेने कोरडी करावीत. आत तेल किंवा पाणी राहिले तर बोल्ट कसताना ब्लॉक तडकू शकतो. पुस्तकात सांगितले नसेल तिथे गॅस्केटला सोल्युशन (चिकट लेप) लावू नये, लिहिलेली बाजू वर ठेवावी आणि मधून कडेकडे जात टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच कसावे. मग रेडिएटरमध्ये डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट भरावे, आणि बोअरवेलच्या पाण्याची बादली गाडीपासून लांब ठेवावी.