रॉसमनच्या विक्रीचा अंदाज बांधताना या चुका टाळा

रॉसमन ही जर्मनीतील दुकानसाखळी. कॅगल या डेटा-स्पर्धांच्या संकेतस्थळावर २०१५मध्ये तिचा डेटा खुला झाला: १,११५ दुकाने, १ जानेवारी २०१३ ते ३१ जुलै २०१५ची रोजची विक्री, दहा लाखांवर ओळी. ओळींची ही संख्याच सर्वांत जास्त फसवते.

ऑफरमुळे विक्री वाढते का, हे पाहायला बरेचजण ऑफरचे आणि बिनऑफरचे दिवस वेगळे काढून थेट टी-चाचणी (दोन सरासरींतला फरक योगायोगाचा असू शकतो का, हे तपासणारी) लावतात. पी-मूल्य, म्हणजे खरा फरक नसताना एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता, जवळजवळ शून्य येते आणि काम झाले असे वाटते. पण या डेटात ऑफर फक्त सोमवार ते शुक्रवार असते, म्हणजे सगळे शनिवार-रविवार बिनऑफरच्या गटात जाऊन बसतात. रविवारी तर बहुतेक दुकाने बंद, विक्री शून्य. म्हणून आधी बंद दिवस गाळा, मग सोमवारची तुलना सोमवारशीच करा.

तरीही पी-मूल्यावर लगेच विसंबू नका. तारखेनुसार गट पाडून पाहा: ऑफर सगळ्या दुकानांत एकाच वेळी लागते. मग दहा लाख स्वतंत्र नोंदी कुठल्या? सुमारे १३४ आठवडे, एवढाच खरा पुरावा. प्रमाणत्रुटी (अंदाजातली अनिश्चितता) काढताना आठवडा आणि दुकान या दोन्हींवर क्लस्टरिंग करा, म्हणजे एका गटातल्या नोंदी एकमेकींशी निगडित धरा. नुसत्या दुकानावर केलेले पुरत नाही.

वाराचा रकाना १ ते ७ असा आकड्यांत आहे. तो तसाच मॉडेलला दिला, तर रविवार सोमवारच्या सातपट धरला जातो. सहा डमी चले (त्या वारी १, एरवी ० असे रकाने) करा, सातवा वार आधार म्हणून सोडा.

ग्राहकसंख्या घातली की आर-स्क्वेअर (विक्रीतल्या चढउताराचा किती भाग मॉडेल पकडते तो आकडा) झकास चढतो. मोह आवरा. उद्या किती ग्राहक येतील हे आज माहीत नसते, आणि ज्या पुढच्या दिवसांचा अंदाज द्यायचा, त्यांच्या चाचणी-फाइलमध्ये तो रकानाच नाही.

विक्री उजवीकडे लांबलेली (बहुतेक आकडे लहान, थोडे फार मोठे) असल्याने तिचा लॉग (लॉगॅरिदम) घेणे योग्यच. फक्त ऑफरचा सहगुणक (मॉडेलने काढलेला तिच्या परिणामाचा आकडा) ०.३० आला तर वाढ ३० नव्हे, सुमारे ३५ टक्के वाचा.

पडताळणीसाठी ओळी यादृच्छिक निवडू नका. कालच्या आणि उद्याच्या विक्रीमधला आजचा आकडा ओळखणे सोपे असते. चाचणीचा काळ ४८ दिवसांचा आहे, म्हणून १३ जून २०१५पर्यंत शिकवा आणि १४ जून ते ३१ जुलैवर तपासा. चूक टक्क्यांत मोजा, नाहीतर मोठी दुकाने लहानांना झाकून टाकतात.