नवी मंडळी स्थापन करताय? आधी स्वतःच्या बाबतीतल्या या चुका टाळा

जुन्या मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांच्या जुन्या समुदायात, तिची काळजी वाहणाऱ्या पाळकाच्या उणिवा बऱ्याच अंशी सांभाळून घेतल्या जातात. तिथे वडील म्हणजे देखरेख करणारे ज्येष्ठ पुढारी असतात, खजिनदार असतो, उपासनेची वर्षानुवर्षांची शिस्त असते. एखादा महिना पाळक आतून कोरडा पडला तरी मंडळी चालत राहते. नव्या कामात दहा-बारा माणसं असतात, एक खोली असते आणि तुम्ही असता. तुमची प्रार्थना, तुमचा उतावळेपणा, पैशांबाबतच्या सवयी, राग आल्यावरचं बोलणं हे सगळं थेट मंडळीच्या पायाभरणीत जातं. पुढे मंडळी वाढते ती त्याच पायावर. मिलेतात इफिसच्या मंडळीच्या वडिलांचा निरोप घेताना प्रेषित पौलाने म्हणूनच आधी स्वतःकडे आणि मग कळपाकडे लक्ष द्यायला सांगितलं (प्रेषितांची कृत्ये २०:२८).

खालच्या चुकांपैकी बऱ्याच मी स्वतः केल्या आहेत.

संदेशाची तयारी म्हणजेच देवासोबतचा एकांत, असं समजणं

एके काळी मी आठवड्यातून चार ठिकाणी वचन सांगत असे. पहाटे पवित्र शास्त्र उघडलं की हातात पेन्सिल आणि शेजारी वही ठरलेली. एकदा एका वृद्ध पाळकांनी मला विचारलं, "या आठवड्यात देव तुझ्याशी काय बोलला?" मी रविवारच्या संदेशाचे तीन मुद्दे सांगितले. त्यांनी ते सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "हे तू लोकांशी बोललास. तुझ्याशी काय बोलला?" मला उत्तर सुचेना. घरी आल्यावर मी शास्त्राची पानं उलटली. समासात सगळीकडे "मुद्दा २", "इथे उदाहरण", "इथे थांबणे" असंच लिहिलेलं होतं. माझ्या भीतीबद्दल, माझ्या पापाबद्दल एक ओळही सापडली नाही.

हा कोरडेपणा लवकर लक्षात येत नाही, कारण बाहेरून काम जोरात चाललेलं असतं. पण खुणा असतात. वचन वाचताना "हे अमक्या भावाला नेमकं लागू पडतं" हा विचार आधी येतो. लोकांसमोरची प्रार्थना लांबत जाते आणि एकांतातली आटत जाते. गीत चालू असताना नजर रिकाम्या खुर्च्या मोजत राहते.

मला उपयोग झाला तो साध्या उपायाचा. ज्या भागावर वर्षभर संदेश द्यायचा नाही असा एक भाग ठरवा आणि तो हातात काहीही न घेता वाचा. मी स्तोत्रसंहिता घेतली. रोज एक स्तोत्र, मोठ्याने. पहिले पंधरा दिवस मन सारखं मुद्दे काढायला धावत होतं. मग हळूहळू त्याची धाव थांबली, आणि बऱ्याच दिवसांनी मी स्वतःसाठी रडलो.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात संध्याकाळी सगळं गाव येशू उतरला होता त्या घराच्या दाराशी जमतं. दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच तो एकांतात प्रार्थनेला गेलेला असतो. सगळे तुला शोधत आहेत, असं शिष्य सांगतात, पण तो दुसऱ्या गावांकडे निघतो. गर्दी जिथे बोलावत होती तिथे तो गेला नाही. कुठे जायचं आणि कुठे नाही, हे कळायला तो एकांत लागतो.

"मी फक्त देवाला जबाबदार आहे" असं म्हणणं

ऐकायला हे भक्तीचं वाटतं, पण मला या वाक्याची भीती वाटते. पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा यांना सूरियातल्या अंत्युखियाच्या मंडळीने उपास व प्रार्थना करून, हात ठेवून सुवार्तेच्या प्रवासाला पाठवलं होतं. प्रवास संपल्यावर ते तिथेच परतले आणि मंडळीला जमवून सगळं सांगितलं (प्रेषितांची कृत्ये १४:२७). त्याच अंत्युखियात प्रेषित पेत्राचं वागणं चुकलं तेव्हा पौलाने त्याला तोंडावर अडवलं. प्रेषितालाही अडवणारा माणूस लागला, तर आपल्याला तो किती जास्त लागेल!

नव्या कामात असा माणूस आपोआप मिळत नाही. जमलेले बहुतेक जण विश्वासात नवे असतात आणि तुम्हाला मानतात, ते तुम्हाला प्रश्न विचारणार नाहीत. त्यामुळे पहिली सभा भरण्याआधीच कामाबाहेरचा एखादा अनुभवी सेवक गाठा. महिन्यातून एकदा त्याच्यासमोर बसा आणि काय विचारायचं ते तुम्हीच त्याच्या हाती लिहून द्या: मोबाइलवर एकटा असताना काय पाहिलं, कोणावर राग धरला आहे, पैशांत काही लपवलं का, घरच्यांशी कसा वागलो. "सगळं बरं आहे ना?" एवढ्या प्रश्नातून आजवर कोणाचंच काही बाहेर आलेलं नाही.

अर्पणाच्या पैशांबाबत पहिल्या रविवारपासून एक नियम पाळा. तुमच्या घरातली नसलेली दोन माणसं पैसे मोजतील, त्याच दिवशी वहीत नोंदवतील आणि दोघंही सही करतील. रक्कम लहान आहे म्हणून पुढे ढकलू नका. यरुशलेमेसाठी मदत नेताना कोणी बोट दाखवू नये म्हणून पौलाने सोबत दुसरे भाऊ घेतले आणि तसं करिंथकरांना लिहूनही कळवलं (२ करिंथ ८:२०-२१). त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल त्याला स्वतःला शंका नव्हती, तरी त्याने हे केलं.

गुण पाहून माणूस पुढे करणं

गाणारा तरुण येतो, बोलायला चांगला असतो, आणि तीन महिन्यांत आपण त्याच्या हाती अर्धी सभा देतो. १ तीमथ्य या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातली, मंडळीच्या पुढाऱ्यात काय असावं याची यादी सावकाश वाचा. शिकवण्याची हातोटी सोडली तर जवळजवळ सगळं स्वभावाबद्दल, घराबद्दल आणि बाहेरच्या लोकांतल्या नावाबद्दल आहे. नव्याने विश्वास ठेवलेल्याला ही जबाबदारी देऊ नये, याचं कारणही तिथेच आहे: तो गर्वाने फुगेल. आपल्या घाईची किंमत आपण नाही, तो तरुण मोजतो.

याची दुसरी बाजूही मान्य करायला हवी. पौलाने पहिल्याच प्रवासातून परतताना लुस्त्र, इकुन्य आणि पिसिदियातल्या (दुसऱ्या) अंत्युखियात वडील नेमले. तेव्हा वर्षानुवर्षं सगळं स्वतःच्या हातात ठेवणं हाही दोषच आहे, आणि बहुधा त्याच्या मुळाशी भीती असते. मी माणसाला आधी न दिसणारं काम देतो: आजाऱ्याला भेटणं, सभेनंतर खुर्च्या आवरणं, एका नव्या कुटुंबासोबत वचन वाचणं. कोणी पाहत नसतानाही सहा महिने ते आनंदाने केलं, तर पुढचं बोलतो.

आकड्यावरून स्वतःचं मोल ठरवणं

रविवारी संख्या घटली की सोमवारी तुमचं मन ढासळत असेल, तर ही चूक तुमच्यात आहे. करिंथात फुटीचे गट पडले तेव्हा पौलाने आपण तिथे फार थोड्यांचा बाप्तिस्मा केला म्हणून देवाचे आभार मानले. त्याने लावलं, त्याच्यानंतर तिथे शिकवणाऱ्या अपुल्लोसने पाणी घातलं, वाढवणारा देव. उपस्थिती मोजा, जरूर मोजा, पण ती एखाद्या भावाला लिहू द्या आणि महिनाअखेरीस पाहा.

थकवा म्हणजे अविश्वास, असं मानणं

संदेष्टा एलीया थकून रतामाच्या झुडपाखाली मरण मागत होता. देवाने त्याला झोपू दिलं, खायला दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. बोलणं त्यानंतर झालं. आठवड्यातला एक दिवस सभेविना ठेवा आणि तो मंडळीला सांगून ठेवा.

थकव्याचा पहिला मार घरावर बसतो. माझ्या मुलाने एकदा जेवणाआधी प्रार्थना केली ती हुबेहूब माझ्या व्यासपीठावरच्या आवाजात, हात वर करून. माझी दुसरी कुठली प्रार्थना त्याने ऐकलीच नव्हती. त्या दिवसापासून रात्री त्याच्या अंथरुणाशी बसून मी हळू आवाजात दोन वाक्यं प्रार्थना करू लागलो.

तुटलेली नाती मागे टाकून पुढे जाणं

पहिल्या प्रवासात मध्येच सोडून गेलेल्या मार्काला पुन्हा सोबत न्यायचं का, यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात इतकं तीव्र भांडण झालं की ते वेगळे झाले. शास्त्राने ते लपवलं नाही. पण आयुष्याच्या शेवटी तुरुंगातून लिहिताना पौल तीमथ्याला सांगतो, मार्कला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे (२ तीमथ्य ४:११).

तुमच्या कामातून दुखावून गेलेल्यांची नावं लिहून काढा. जिथे चूक तुमची होती तिथे एकटे जा आणि "पण" हा शब्द न वापरता क्षमा मागा. मी असा एका भावाकडे गेलो. त्याने दार उघडलं, आत बसवलं आणि बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही. तो आमच्या मंडळीत परत आला नाही. आज तो दुसऱ्या मंडळीत मुलांना शिकवतो आणि आम्ही एकमेकांसाठी नाव घेऊन प्रार्थना करतो.